मासोळीनं पास केलेलं औषध

पाण्याच्या बाबतीत सोमाजीला चकवणारा माणूस त्या गावात जन्मला नव्हता. सावली तालुक्यातलं गाव, वैनगंगेपासून कोसभर आत. गावाला लागून मोठा मामा तलाव, जुन्या मालगुजारांच्या वेळचा, आणि तलावाच्या पाळीखाली मासेमारी करणाऱ्या ढिवरांचा मोहल्ला. सोमाजी सकाळी पाळीवर उभा राहायचा, पाण्याकडे नुसता बघायचा आणि सांगायचा, आज मरळ गाळात बसून आहे, जाळी घरी न्या अन् भाजी खा. लोक हसायचे, जाळी टाकायचे, आणि संध्याकाळी भाजीच खायचे. पाण्याची चूळ भरून तो सांगायचा की वरच्या बांध्यांतून, म्हणजे धानाच्या शेतांतून, तलावात काय उतरलं आहे, शेणखत का औषध. मच्छीमार सोसायटीच्या लिलावाच्या दिवशी जाणती माणसं त्याला हाताला धरून बसवून घेत.

त्याच सोमाजीला स्वतःच्या घरामागे काय उगवतं हे पासष्टी उलटली तरी ठाऊक नव्हतं. आपल्याकडे पुरुषाचं असंच असतं, दुनियेची खबर असते आणि चुलीमागची नसते. पण सोमाजीनं त्यात कमालच केली होती.

घरामागची ती कुंपण घातलेली जागा, जिला तिकडे सांदवाडी म्हणतात, ती त्याच्या बायकोची, गिरजाची. वांगी, मिरच्या, कुंपणावर दोडका, आणि मधोमध बांबूच्या मांडवावर वालाचा वेल. तो वाल तिनं माहेराहून आणलेला, नदीपलीकडून, पदराच्या गाठीत बांधून. सोमाजीनं आणलेल्या मासोळ्या ती अंगणात साफ करायची आणि धुतलेलं पाणी, खवलं, आतडी, सगळं त्या वेलाच्या बुडाशी ओतायची. त्यामुळे वेल असा माजायचा की मांडव वाकायचा. शेंगा आखूड, जाड, आणि वांग्यात टाकून शिजवल्या की मोहल्लाभर वास. सोमाजी ती भाजी चाळीस वर्षं ओरपून खात आला. वाल कुठून येतो, हे त्यानं विचारलं नाही. ताटात येतो, एवढं त्याला पुरेसं होतं.

गिरजा त्याला बोलवायची नाही असं नाही. तलावावरून तो आला, जाळं वळणीवर टाकलं, की मागून हाक यायची, "अजी, इकडं या ना जरा. पाहा ना जी, कसा बहरला हाय!" सोमाजी ओसरीतूनच म्हणायचा, "हो हो, मस्त हाय." आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळत बसायचा. तीही मग पुन्हा हाक मारायची नाही.

गेल्या उन्हाळ्यात तिला ताप आला. सावलीला नेलं, सावलीहून गडचिरोलीला नेलं, आणि आणली ती कापडात गुंडाळून. सोमाजी रडला नाही. लोक म्हणाले, बुढा दगड आहे. दगड कसला, त्याला काय करायचं तेच कळत नव्हतं. गुडघे तर त्याआधीच गेले होते, तलावात उतरणं बंद झालं होतं. आता सकाळी उठून पाळीवर जायचं, दुसऱ्यांची जाळी बघायची, परत यायचं, आणि घरात हाक मारणारं कोणी नाही.

त्यांची एकच मुलगी, रीता, चिमूरकडे दिलेली. इतकी वर्षं भाड्याच्या खोलीत राहिली. यंदा नवऱ्यानं गावाबाहेर घर बांधलं, मागे थोडी जागा सोडली. पावसाळ्याच्या तोंडाला तिचा फोन आला.

"बाबा, आईच्या वालाचं बी असन ना घरी? पाठवा ना मले. आता माह्यापाशी बी सांदवाडी हाय."

सोमाजीनं शोधलं. बी आढ्याला टांगलेल्या तुंब्यात, वाळक्या पोकळ भोपळ्यात, होतं. गिरजा ते राखेत घोळून, तोंडाला शेण लिंपून ठेवायची. पण ती गेल्यावर आल्या-गेल्यांच्या गडबडीत तुंबा कोणीतरी काढला, कोणीतरी परत टांगला, लिंपण उघडंच राहिलं. सोमाजीनं तुंबा उलटा केला तर खाली पीठच पडलं. किड्यांनी दाणा न दाणा पोखरलेला. चाळून चाळून मूठभरही धड निघाले नाहीत.

मग तो मोहल्ल्यात फिरला. गिरजाचा वाल कोणाकडे नाही? सगळ्यांकडे होता, पण बी कोणाकडे नव्हतं. बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघू लागल्या. दर पावसाळ्यात गिरजाबाईच्या दारात जायचं, तिनं ओंजळभर द्यायचं, लावायचं, खायचं. साठवायची गरज कोणाला पडली होती? ती होतीच ना. यंदा कोणी सावलीच्या बाजारातून पाकीट आणलं होतं, कोणी लावलंच नव्हतं.

"रीता," सोमाजीनं फोनवर सांगितलं, "आता बी थोडंसंच हाय. इथी मीच लावतो. शेंगा वाळू देतो. शिमग्याले ये, अन् भरून घेऊन जा."

"तुमी लावान?" रीताला हसू आलं.

"काऊन? मी का लुला हाय का?"

ते उरलेले दाणे त्यानं मांडवाच्या बुडाशी लावले. बरेचसे कुजले, पण जे उगवले ते चढले. सोमाजीनं आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या रोपाला काठी लावली. दुसऱ्यांनी तलावातून आणलेल्या मासोळ्यांचं धुतलेलं पाणी मागून आणून बुडाशी घातलं. हसणारे हसले. दिवाळीपर्यंत वेल मांडवावर पसरला, आणि सोमाजी रोज सकाळी पाळीवर जायच्या आधी सांदवाडीत जाऊन मान वर करून बघू लागला. गुडघे कुरकुरायचे, पण तो उभा राहायचा. त्याला एक गोष्ट मनात खुपत होती, ती त्यानं कोणाला सांगितली नव्हती. या वेलाला फूल आलेलं आपण कधी नीट पाहिलं नाही. हजारदा मांडवाखालून गेलो असू, आंघोळीला, लाकडं आणायला, पण मान वर केली नाही. यंदा फूल येईल तेव्हा बघायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

आणि कळ्या धरायच्या ऐन वेळेला आभाळ आलं. थंडीत ढग आले की वालावर मावा पडतो, हे त्या भागात कोणालाही विचारा. दोन-चार दिवसांत कोवळे शेंडे काळेभोर झाले. हात लावला की चिकट. मुंग्यांची रांग लागली. कळ्या मिरीएवढ्या होत्या, त्यांच्यावरही किड्यांचा थर बसला.

सोमाजीला आठवलं, गिरजा चुलीतली राख टाकायची. त्यानं टोपलीभर राख घेतली आणि भर दुपारी मांडवावर उधळली. निम्मी त्याच्या डोक्यावर पडली, निम्मी वाऱ्यावर गेली. गिरजा राख पहाटे टाकायची, दव असताना, म्हणजे ती पानाला धरते. पण हे त्याला कोण सांगणार? मग आठवलं, ती तंबाखूचं पाणी करायची. सोमाजीकडे तंबाखूला काय तोटा! त्यानं खर्ऱ्याचीच पुडी पाण्यात कालवली, सुपारी-चुन्यासकट, आणि ते पाणी शिंपडलं. मावा हलला नाही. चुन्यानं पानांवर पांढरे डाग पडले, एवढंच.

तेव्हा तो घाबरला. एरवी तलावात वादळ आलं तरी न घाबरणारा माणूस, पण बोटभर शेंड्यांवरचे किडे त्याला भारी पडले. वेल गेला तर बी गेलं, आणि बी गेलं तर रीताला काय सांगायचं? गिरजाचं दुसरं काही उरलं नव्हतं. दोन लुगडी होती, ती चितेवर घातली. फोटो होता आधार कार्डावरचा, त्यात ती ओळखू येत नाही.

तो एसटीनं सावलीला गेला. औषधाच्या दुकानात गर्दी होती. दुकानदारानं नीट ऐकून न घेताच एक लहान बाटली पुढे केली. "मावा ना? हे मारा. एका फवाऱ्यात साफ."

"खायाच्या शेंगा हायेत जी," सोमाजी म्हणाला.

"मंग आठ-दहा दिवस खाऊ नका."

सोमाजीनं बाटली घेतली, पण येताना एसटीत ती मांडीवर धरून तो अस्वस्थ होता. गिरजाचा एक कायदा होता. सांदवाडीत जहर आणायचं नाही. "लेकराबाळाच्या तोंडात जाते, जी," म्हणायची. शेजारच्या मुखरूनं एकदा धानाचं उरलेलं औषध तिच्या वांग्यावर मारून देतो म्हटलं, तर तिनं त्याला पंपासकट हाकलला होता. आता तीच सांदवाडी, आणि सोमाजीच्या पिशवीत जहर.

मग त्याला वाटलं, एकच औषध थोडंच असतं? कडक असतात, तशी सौम्यही असतील. तो मुखरूच्या घरी गेला. मुखरू कुणबी माणूस, तीन बांध्यांचा धनी, धानाला काय काय मारायचा. पण तो पोरीच्या सोयरिकीसाठी सिंदेवाहीकडे गेला होता. त्याच्या बायकोनं गोठ्याच्या आढ्यावरून दोन उरलेल्या बाटल्या काढून दिल्या. चिठ्ठ्या भिजून गेलेल्या, अक्षर लागत नव्हतं.

"कायचे हायेत, मले नाई ठाव, भाऊ," ती म्हणाली. "धानाचेच हायेत दोनी. ते आले की इचारजा."

पण मुखरू चार दिवस येणार नव्हता, आणि मावा थांबणार नव्हता. आता सोमाजीकडे तीन बाटल्या झाल्या. त्यांतली कुठली गिरजानं चालवून घेतली असती, हे ठरवायचं होतं.

आणि इथे त्याला त्याच्या बापाची गोष्ट आठवली. बाप त्याला रानात घेऊन जायचा, आतल्या डोहांवर. नवीन डोहाचं पाणी प्यायच्या आधी बाप त्यात बारीक मासोळ्या दिसतात का बघायचा. नव्या विहिरीत पहिल्यांदा मासोळी सोडायची, ती जगली तर पाणी काढायचं. "जे मासोळीले चालते, ते मानसाले चालते," बाप म्हणायचा. सोमाजी आयुष्यभर त्याच मापानं चालला होता. वरच्या बांध्यांतून औषध उतरलं की पहिल्यांदा मासोळीच पलटी व्हायची, माणसाला मागून कळायचं. मासोळी कधी खोटं बोलली नव्हती.

त्यानं तलावातून बारीक मासोळ्या आणवल्या. अंगणात तीन घमेली मांडली, तिन्हींत तलावाचं पाणी भरलं, आणि सारख्या मासोळ्या सोडल्या. मग एकेका बाटलीचं थोडं थोडं औषध एकेका घमेल्यात टाकलं. येणारे-जाणारे थांबून बघू लागले. सोमाजी पाटावर बसून होता, तलावाच्या पाळीवर बसायचा तसाच, पाण्यावरून नजर न काढता.

सावलीहून आणलेल्या औषधाच्या घमेल्यात तोंडातला खर्रा थुंकायच्या आत मासोळ्या पांढरं पोट वर करून तरंगल्या. सोमाजीनं ती बाटली उचलून दूर ठेवली. मुखरूच्या पहिल्या बाटलीनं वेळ घेतला, पण संध्याकाळी त्याही मासोळ्या तिरक्या पोहू लागल्या आणि दिवेलागणीला संपल्या. तिसऱ्या घमेल्यातल्या मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीही फिरत होत्या. भाताची शितं टाकली तर वर येऊन खाल्ली. औषधाला उग्र वास होता, पण मासोळ्यांना त्याचं काही नव्हतं.

सोमाजीच्या छातीवरचं ओझं उतरलं. "हे बरं हाय," तो स्वतःशीच म्हणाला. "गरीब औषध हाय हे. गिरजा, हे चालन ना वो?" आणि त्या पास झालेल्या मासोळ्या त्यानं इमानदारीनं मातीच्या हौदात सोडल्या, स्वच्छ पाण्यात. त्यांनी त्याचं काम केलं होतं, त्यांना मारायचं मनात येईना.

मासोळ्यांनी मासोळ्यांपुरतं खरंच सांगितलं होतं. वेलाचं त्यांना कोण विचारतं? पण जन्मभर ज्यानं पाणी पाहिलं, त्याला सगळं पाण्याच्याच तोंडून ऐकायची सवय असते. सोमाजीला दोष देणं सोपं आहे. मला तो द्यावासा वाटत नाही.

औषध त्यानं बादलीत कालवलं. पंप मागायला गेला नाही, पंपात आधी काय भरलं असेल कोण जाणे, इतका विचार त्यानं केला. कडुलिंबाची डहाळी घेतली आणि ती बुडवून बुडवून वेलावर शिंपडली. पाळीवर बसून अंग आखडलेला तो माणूस मांडवाला धरून प्रत्येक शेंडा खाली ओढायचा, उलट्या बाजूनं भिजवायचा आणि सोडायचा. गिरजानंही इतक्या मायेनं कधी भिजवलं नसेल. संध्याकाळी त्यानं हात राखेनं तीनदा धुतले आणि वेलाकडे तोंड करून जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागे गेला आणि खूश झाला. शेंडे वर उठले होते. रात्रीतून लांब झाल्यासारखे, वळसे घेत, जणू कुठेतरी निघाले आहेत. मावा तसाच होता, पण वेल तर हुशारला होता! सोमाजीनं मागे वळून घराकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "इकडं ये ना वो! पाह्य ना, कसा उठला हाय!"

घरातून कोणी आलं नाही. तो बराच वेळ तसाच मांडवाला धरून उभा होता. आपण आत्ता काय बोललो हे त्याला कळलं होतं, आणि ते कोणाचे शब्द आहेत हेही.

त्यानंतर मात्र वेलाला पीळ पडत गेला. शेंडे वळून वळून स्वतःभोवतीच गुंडाळले गेले, पानं वाटीसारखी खाली मुडपली, खोड जागोजागी सुजलं आणि फाटलं. कळ्या हात लावायच्या आधीच गळून पडू लागल्या. सोमाजी त्या जमिनीवरून वेचून ओट्यावर ठेवायचा, एकेक उकलून बघायचा. आत हिरव्याशिवाय काही नव्हतं. रंग धरायच्या आधीच त्या मेल्या होत्या.

मुखरू सोयरिकीहून आला तो बातमी ऐकून थेट मागच्या दारानं सांदवाडीत शिरला. वेलाकडे पाहिलं, पीळ पडलेला एक शेंडा हातात धरला. मग म्हणाला, "कोनती बाटली मारली गा, सोमाजीभाऊ?"

सोमाजीनं बाटली दाखवली. मुखरूनं झाकण काढून वास घेतला आणि खाली बसला.

"हे किडीचं नोहे गा. हे बांधीतला कचरा मारायचं औषध हाय. धानाच्या पातीले काई करत नाई, चौड्या पानाच्या झाडाले जितं ठेवत नाई." मग जरा वेळानं, "कोनाले तरी विचारायचं होतं ना, भाऊ."

"विचारलं," सोमाजी म्हणाला. "मासोळीले विचारलं."

मुखरू हसला नाही. मोहल्ल्यात दुसरं कोणी असतं तर हसलं असतं, आणि नंतर हसलेही. सोमाजीनं मासोळीची साक्ष काढली, ही गोष्ट आठवडाभर पानठेल्यावर चालली. गावाला हसायला काही तरी लागतंच. पण मुखरूनं त्या दिवशी बुढ्याच्या खांद्यावर हात ठेवला, जाताना तिन्ही बाटल्या उचलून नेल्या, आणि बायकोला काही बोलला नाही.

सोमाजीनं पाणी ओतून पाहिलं. बुडाशी शेण घातलं. पिळलेले शेंडे खुडून पाहिले, खालून काही फुटतं का म्हणून. वेल खालपर्यंत वाळत गेला. बुडाशी नख मारलं तर साल तपकिरी निघाली.

अशात रीताचा फोन आला. सोमाजीनं सांगायचं ठरवलं होतं, दोन दिवस तो मनात वाक्य जुळवत होता. पण तिचा आवाज इतका आनंदी होता की त्याची जीभ उचलेना.

"बाबा, मांडव टाकला मी! माह्या घरचे म्हने, एवढा मोठा मांडव कायले? म्हटलं, आईचा वाल तुमी पाह्यला नाई." ती हसली. "फूल आलं का जी आतापरेंत?"

"आलं," सोमाजी म्हणाला.

"खूप आलं?"

"लदबदलं हाय."

"कसं हाय? सांगा ना."

सोमाजीनं डोळे मिटले. सावलीच्या रस्त्यावरच्या बांधांवर वाल असतो, बाजारचा. त्याची फुलं त्यानं यंदा एसटीच्या खिडकीतून पाहिली होती.

"पांढरं फक्क," तो म्हणाला. "मांडव पांढरा दिसून राह्यला."

तिकडून आवाज आला नाही. सोमाजीला वाटलं, लाइन गेली.

"बरं," रीता म्हणाली. "ठेवतो मी, बाबा."

शिमगा अजून लांब होता. पण दोन दिवसांनी दुपारच्या एसटीनं रीता उतरली, एकटीच, हातात पिशवी. घरात न शिरता ती सरळ मागे गेली. सोमाजी ओसरीवरून उठला, पण गुडघ्यांनी साथ दिली नाही, तो परत बसला. मागून काहीच ऐकू येईना. शेवटी काठी टेकत तो गेला तर रीता मांडवाखाली उभी होती आणि वर बघत होती. वेल तिथेच लोंबत होता. त्याला तो काढवला नव्हता.

सोमाजीनं सगळं सांगितलं. राख, खर्ऱ्याचं पाणी, सावलीची बाटली, मुखरूच्या बाटल्या, घमेली. हौदातल्या मासोळ्याही दाखवल्या, अजून जिवंत होत्या. "मले वाटलं, जहर नोको सांदवाडीत. तिले चाललं नसतं. म्हनून मी सगळ्यात गरीब औषध निवडलं वो, पोरी." गिरजा गेली तेव्हा न रडलेला माणूस आता घमेल्यांकडे बोट दाखवून लहान लेकरासारखा रडत होता.

रीतानं त्याला मांडवाच्या खांबाशी बसवलं आणि शेजारी बसली. ती रागावेल असं त्याला वाटलं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"जाऊ द्या, बाबा," ती म्हणाली. मग बराच वेळ जमिनीवरच्या सुकलेल्या कळ्या गोळा करत राहिली. "पन फोनवर पांढरं फूल काऊन सांगतलं?"

"चुकलो. खोटं बोललो."

"तसं नाई. पांढरंच काऊन म्हटलं?"

सोमाजीला प्रश्न कळेना. "वालाले पांढरंच ये ना?"

"लोकाइच्या वालाले येत असन. आईच्या वालाले जांभळं ये, बाबा." रीता त्याच्याकडे बघत राहिली. "तुमाले ठाव नाई? तुमाले कसं ठाव नाई? तुमच्या शिदोरीच्या गाठीत तं रोज खोसून दे ते आई. बहर असला का रोज. मी लहान होतो, मी पाहो ना. एक दिवस इचारलं, हे काऊन करत वो? तं म्हने, तुह्या बाबाले सांदवाडीत याले टाइम भेटत नाई. मंग सांदवाडीच धाडतो त्याइच्यासंगं."

सोमाजीनं हातातली काठी खाली ठेवली.

शिदोरीची गाठ त्याला आठवली. गिरजाच्या जुन्या लुगड्याचं फडकं, भाकर, वर ठेचा. दुपारी डोंग्यात, त्या लहानशा होडीतच, सोडायचं. गाठीत काही तरी अडकलेलं असायचं, ओलं, मऊ. ते बोटानं काढून तो पाण्यात झटकायचा आणि भाकर मोडायचा. झाडाखालून येताना काही पडलं असेल, असं वाटायचं. वर्षानुवर्षं त्यानं ते झटकलं होतं. ते पाण्यावर पडलं की बारीक मासोळ्या वर यायच्या, तोंड लावायच्या आणि सूर मारून खाली जायच्या. त्या मासोळ्या त्याला लख्ख आठवल्या. कुठल्या जातीच्या होत्या, डोंग्याच्या कुठल्या बाजूनं यायच्या, उन्हात त्यांच्या पाठी कशा चमकायच्या, सगळं आठवलं. ज्यासाठी त्या वर यायच्या त्याचा रंग काही केल्या आठवेना.

त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. हौदात मासोळ्या फिरत होत्या.

"जांभळं म्हंजे," शेवटी तो म्हणाला, "कसं जांभळं वो, पोरी? दाखवून दे ना मले एकदा."

रीतानं मांडवाकडे पाहिलं, कुंपणाकडे पाहिलं, आपल्या साडीकडे पाहिलं. दाखवायला त्या रंगाचं तिथे काहीच नव्हतं.